चिल्लरीचं खातं

दर महिन्याच्या सुरुवातीला एक रिक्षावाला आणि एक निवृत्त शाळामास्तर आमच्या कोझिकोडच्या शाखेत चिल्लरीच्या पिशव्या घेऊन येत. पिशवी काउंटरवर आदळली की कॅशियर मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटायचा. त्याचा अर्थ कळायला भाषा यावी लागत नव्हती. बँकेत काम केलेल्या कुणालाही विचारा, चिल्लर मोजणं ही शिक्षाच. खातं होतं शाखेजवळच्या वस्तीतल्या पॅलिएटिव्ह क्लिनिकचं, म्हणजे बरं न होणाऱ्या रोग्यांचा त्रास हलका करणाऱ्या दवाखान्याचं. बेकरीत, सलूनमध्ये, औषधांच्या दुकानात गल्ल्याशेजारी त्यांचे डबे असायचे. सुट्टे परत घेता घेता लोक एखादं नाणं त्यात टाकायचे. मी स्लिपवर सही करायचे, मास्तर हात जोडायचे, रिक्षावाला हसायचा. आमची ओळख एवढीच. पुढे याच दोघांनी माझ्या आईला कुशीवर वळवून तिची पाठ पुसली.

प्रमोशन घेतलं की लांब बदली, हे आमच्या नोकरीत ठरलेलंच. नवरा आणि दहावीतला मुलगा पुण्यात, मी कोझिकोडला. 2009 च्या पावसाळ्याच्या तोंडावर आई माझ्याकडे आली.

आई कराडजवळच्या खेड्यातली, माळकरी. खाण्यापिण्यात अगदी काटेकोर. व्यसन म्हणावं तर एक मिश्री. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड सकाळी, दुपारी भांडी आवरल्यावर आणि रात्री निजताना बोटावर घेतली की तिचा दिवस मार्गी लागायचा. आमच्या भागात बायका मिश्रीला व्यसन समजत नाहीत, दात घासण्यातच धरतात. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, मग जखम झाली, कॅन्सर निघाला. 2007 मध्ये मुंबईत ऑपरेशन झालं. अर्धा जबडा गेला, छातीचं मांस लावून नवा गाल केला, मग शेक दिले. वर्ष-दीड वर्ष बरं गेलं आणि त्याच जागी पुन्हा गाठ आली. या वेळी डॉक्टरांनी फाइल मिटून सांगितलं, "आता करण्यासारखं काही नाही. घरी घेऊन जा." ते वाईट बोलले असं म्हणणार नाही मी. बाहेर बाकांवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि त्यातल्या पुष्कळांवर त्यांना इलाज करता येणार होता. पण आमच्या हातात जे कार्ड पडलं त्यावर चार गोळ्यांची नावं होती आणि खाली 'गरज वाटल्यास दाखवणे'. ती गरज कशी ओळखायची, आणि तेव्हा दाखवायचं कुणाला, हे त्या कार्डावर कुठेच नव्हतं.

भावाच्या घरी ती सुखात राहिली असती. पण गावात माणसं भेटायला म्हणून येतात आणि तोंड बघून जातात, ते तिला सोसेना. "मला जितं कुणी वळकत न्हाई तितं ने," म्हणाली. तसं गाव माझ्याकडे होतं.

जून उलटेपर्यंत जखम गालातून बाहेर फुटली. वास सुटला. मी खोलीत उदबत्त्या लावायचे. रजा संपत आलेली. घरकामाची बाई दोन दिवस येऊन तिसऱ्या दिवशी आली नाही. शाखेत कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या घरकामाच्या बाईनेच मास्तरांना सांगितलं असावं, कारण पुढच्या शनिवारी दारात एक ओम्नी व्हॅन थांबली. त्यातून मास्तर, तो रिक्षावाला, कॉलेजातली एक मुलगी आणि पांढरा कोट घातलेली सिस्टर उतरली. "मॅडम, अम्मा कुठाय?" मास्तरांनी इंग्रजीत विचारलं, आणि बाकी काही न विचारता ते आत आले.

त्या दिवशीचं ड्रेसिंग मला जसंच्या तसं आठवतं. सिस्टरने आधी उदबत्ती विझवली आणि खिडकी उघडली. मग आईजवळ खुर्ची ओढून बसली आणि बराच वेळ नुसता तिचा हात धरून ठेवला. घाई नावाची गोष्ट तिच्यात नव्हती. मला म्हणाली, अर्धा लिटर पाणी उकळ, त्यात चहाचा एक चमचा मीठ टाक, गार होऊ दे. मग म्हणाली, अम्माची जुनी सुती साडी आहे का? होती, लुगडी होती तिची. त्या कॉलेजच्या मुलीने एका लुगड्याचे हातभर चौकोन कापले, घड्या घातल्या, स्टीलच्या डब्यात भरल्या आणि डबा कुकरमध्ये ठेवून शिट्या घेतल्या. विकतचा गॉज रोज किती आणणार, आणि जुन्या सुताइतकं मऊ दुसरं असतं तरी काय? मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या, म्हणजे पोट बिघडल्यावर आपण घेतो त्याच, तिने खलात अगदी मैद्यासारख्या कुटल्या. आधीची पट्टी ओढली नाही. मिठाचं पाणी सोडत सोडत ती आपोआप सुटू दिली. जखम धुतली, ती पूड भुरभुरली, वर लुगड्याची घडी. चार दिवसांत वास एवढा उतरला की मी पुन्हा आईशेजारी बसून जेवू लागले.

त्यानंतरच्या खेपेला सिस्टरने चिमटा माझ्या हातात दिला. त्याच्या पुढच्या खेपेला तिने पिशवीसुद्धा उघडली नाही, नुसती बघत राहिली. मला वाटायचं, ही एवढी शिकलेली बाई, हिने करावं ना, मी बँकेतली. तिचा हिशेब वेगळा होता. ती आठवड्यातून एकदा येणार, फार तर दोनदा. उरलेल्या दिवसांचं काय? नाकातल्या नळीतून पेज कशी द्यायची, डोकं किती उंच ठेवायचं, पेजेनंतर नळीत साधं पाणी कसं सोडायचं, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, हे तिने मला शिकवलं. माझ्या शेजारणीलाही शिकवलं, आणि पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या माझ्या नवऱ्यालाही. हॉस्पिटलात ज्या गोष्टी पडद्याआड चालायच्या त्या आमच्या ओट्यावर, आमच्या कुकरमध्ये होऊ लागल्या. त्या घरात माझी भीती कमी झाली ती अशी.

आता दुखण्याचं. सिस्टर दर वेळी विचारायची, शून्य ते दहामध्ये किती? दहा म्हणजे सगळ्यात जास्त. आईला ते काही केल्या पटेना. दहा म्हणजे काय? तिने बोटांनी बारा दाखवले. सिस्टर गोंधळली. आई जीभ जड झालेली तरी हट्टाने म्हणाली, "रुपायातलं बारा आणं." मी समजावलं की आमच्याकडे जुन्या बायका सोळा आण्यांत मोजतात. सिस्टरने वहीत 12/16 लिहिलं, आणि शेवटपर्यंत आईचं दुखणं त्या वहीत आण्यांतच राहिलं. क्लिनिकच्या डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केल्यावर आठवड्याभरात बाराचे चार झाले. एका सकाळी आईने दोनच बोटं दाखवली, आणि सिस्टरने वहीत ते लिहून वर टाळी वाजवली.

मॉर्फिनच्या नावाने मी दचकले होते. व्यसन लागलं तर? सिस्टर हसली नाही. म्हणाली, दुखण्यासाठी बेतून दिलं तर त्या भीतीने थांबायचं कारण नाही; पण पोट हमखास बांधलं जातं, म्हणून जुलाबाची गोळी चुकवायची नाही. मॉर्फिनची दर चार तासांनी एक, आणि रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे मधल्या रात्री उठवावं लागत नाही. हे वेळापत्रक मी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं होतं. भावाने कराडला सहज चौकशी केली, ही गोळी मिळते का म्हणून. औषधवाला त्याच्याकडे चोराकडे बघावं तसं बघत राहिला. आणि गंमत बघा, ज्या अफूपासून मॉर्फिन काढतात तिचं पीक आपल्याच देशात, नीमच-मंदसौरकडे, सरकारी परवान्याने घेतलं जातं. माल परदेशी जायचा आणि इथला रोगी तळमळत राहायचा, कारण 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागू लागले की हॉस्पिटलांनी नादच सोडला. कायद्यात सुधारणा झाली ती 2014 मध्ये. केरळने त्याच्या बऱ्याच आधी आपले नियम सोपे करून घेतले होते, म्हणून माझ्या आईला झोप मिळाली. ती कराडलाच राहिली असती तर काय झालं असतं याचा विचार मी फार वेळ करत नाही.

हे सगळं सुरू कसं झालं ते मास्तरांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. 1993 साली कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात भूल विभागातले डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि अशोक कुमार नावाचे एक कार्यकर्ते यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी काढली. सुरुवातीला एका छोट्या खोलीत बाह्यरुग्ण विभाग. पण ज्याला उठून बसता येत नाही त्याने बस बदलत तिथवर यायचं कसं? मग घरी जायचं ठरलं. घरोघरी जायला डॉक्टर कुठून आणणार, म्हणून शेजाऱ्यांना शिकवायचं ठरलं. शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, विद्यार्थी. काही तासांचं वर्गातलं शिक्षण आणि मग टीमबरोबर प्रत्यक्ष घरी जाणं. शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात हे लोण असं पसरलं की 2001 च्या सुमारास गावोगावच्या क्लिनिकांचं जाळंच तयार झालं. त्याला 'नेबरहुड नेटवर्क' म्हणतात. 2008 मध्ये केरळ सरकारने याचं धोरण केलं आणि पुढे ग्रामपंचायती घरी जाणाऱ्या नर्स नेमू लागल्या.

मला यातली खरी युक्ती वाटते ती पैशाची. बँकेतल्या बाईला दुसरं काय दिसणार म्हणा. एखाद्या शेठजींनी इमारत बांधून दिली असती तर दारावर पाटी लागली असती आणि सगळी वस्ती बाहेर उभी राहिली असती. इथे ज्याने ज्याने डब्यात रुपया टाकला तो मालक होता. सिस्टर आठवड्यात आली नाही तर बेकरीवाला मास्तरांना विचारायचा. त्याला विचारायचा हक्क होता. आमच्या कॅशियरला हे कधी पटलं नाही. त्याचं म्हणणं, नोटा करून आणा. मास्तर म्हणायचे, नोटा आणल्या तर लोकांना कसं कळणार की ही चिल्लर त्यांची आहे?

त्या वर्षी रमजान, ओणम आणि आपले गणपती एकाच सुमारास आले. रिक्षावाला मापिळा मुसलमान. त्याच्या स्वतःच्या घशाखाली दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि तो आईच्या नळीत सिरिंजने पेज सोडतोय, हे आईने पाहिलं. मला खुणेने विचारलं, यानं खाल्लं का? मी रोजे असल्याचं सांगितलं. तेव्हापासून त्याची वेळ संध्याकाळची ठेवायची असा तिचा हुकूम. सूर्य मावळल्यावर आधी त्याने खजूर खायचा, मगच तिची पेज. तिला बोलता येत नव्हतं धड, पण घरात हुकूम तिचाच चालायचा.

मास्तरांनी एकदा मला विचारलं, अम्माला काय हवंसं वाटतं? मी औषधांचं काहीतरी सांगू लागले. त्यांनी थांबवलं. "औषधं सिस्टर बघेल. हवंसं काय वाटतं?" मी आईलाच विचारलं. तिने वेळ घेतला, मग म्हणाली, कुणीतरी बोलाया पाहिजे. मी होते, पण मी बँकेची मराठी बोलायचे. तिला तिच्या गावाकडची हवी होती. ज्या बाईने कुणी ओळखत नाही तिथे ने म्हणून सांगितलं होतं, ती आता ओळखीची भाषा मागत होती. मास्तरांनी हे मनावर घेतलं. कोझिकोडच्या सोन्याच्या बाजारात त्यांचा एक माजी विद्यार्थी होता. विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं भारतभरच्या सराफ बाजारात सोनं-चांदी गाळण्याचं काम करतात, हे मी ऐकून होते. कोझिकोडमध्येही ती असतील हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या रविवारी विट्याकडचं एक जोडपं दारात. बाईने उंबऱ्यातूनच विचारलं, "मावशी, कुठलं गाव म्हनायचं तुमचं?" पट्टी, नळी, गाल, काही तिला दिसलंच नाही असं वाटलं. आईने गावाचं नाव सांगितलं आणि अर्ध्या तासात दोघींची पाव्हण्यातली एक लेक सापडली. मग दर रविवारी. पाऊस किती झाला, म्हैस कितीला गेली, टेंभू योजनेचं पाणी आमच्या शिवारात कधी येणार, जावेने काय केलं. आई बोलायची कमी, हुंकार द्यायची. सिस्टरच्या वहीत रविवारचे आणे नेहमी कमी असत. मॉर्फिन तेवढंच होतं.

सप्टेंबरच्या शेवटी एका रात्री जखमेतून रक्त आलं. थोडंथोडकं नाही. सिस्टरने हे होऊ शकतं असं आधीच सांगून ठेवलं होतं आणि गडद रंगाचे दोन टॉवेल पलंगाखाली ठेवायला लावले होते. पांढऱ्यावर वाटीभर रक्त बादलीभर दिसतं, घरचे घाबरतात आणि त्यांना बघून रोगी घाबरतो. तिच्या सांगण्याप्रमाणे मी टॉवेल दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने फोन केला. रिक्षा वळणावर आल्याचा आवाज मला त्या रात्री जितका गोड लागला तितका कधीच लागला नाही. मास्तर लुंगीवरच आले होते. मी म्हणाले, हॉस्पिटल. मास्तरांनी सिस्टरला फोन लावला. तिने पलीकडून एवढंच विचारलं, अम्माचं काय म्हणणं? मी आईला विचारलं. तिने मान हलवली, नाही. मग आम्ही आळीपाळीने दाबून धरत बसलो आणि पहाटे रक्त थांबलं. रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीकडे धाव घ्यायची, तिथे नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सगळं सांगायचं, त्याने पुन्हा तपासण्या लिहायच्या, हे चक्र आमच्या घरी झालं नाही.

आई दिवाळी झाल्यावर गेली. घरी, झोपेत. भाऊ आदल्या दिवशी पोचला होता. मावूर रोडच्या स्मशानात भाऊ, मास्तर, रिक्षावाला, गलाईवाले आणि आमचा कॅशियरसुद्धा होता. विट्याच्या बाईने सगळं आमच्याकडच्या रीतीने करून घेतलं.

दहाव्यानंतर सिस्टर आणि मास्तर आले. मला वाटलं क्लिनिकने दिलेली कॉट आणि हवेची गादी न्यायला. त्या नेल्याच, पण आधी तासभर बसले. सिस्टरने उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मागितल्या, माझ्यासमोर मोजल्या, रजिस्टरमध्ये आकडा टाकला, माझी सही घेतली, स्वतःची केली. बँकेतही इतका चोख हिशेब क्वचित बघितलाय. मी चेकबुक काढलं तर मास्तर म्हणाले, "आत्ता नको. आत्ता तुम्ही पेशंटच्या घरच्या. वर्षभराने कस्टमर म्हणून द्या." वर्षभराने दिले. पावती आली.

पुण्याला परतल्यावर मी आपल्याकडे काय आहे ते बघत आले. नाही असं नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासूनचं आहे, टाटा हॉस्पिटलची टीम मुंबईत घरी जाते. गावोगावी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. अनामत ठेवली की व्हीलचेअर मिळते, फाउलर कॉट मिळते, वॉटरबेड मिळतो. तो वॉटरबेड घातल्यावर त्यावरच्या माणसाला कसं वळवायचं, हे सांगायला मात्र कुणी येत नाही. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाची स्वतःची ॲम्ब्युलन्स आहे, दरवर्षी रक्तदान असतं, पोरं मनापासून राबतात. मी अध्यक्षाला एकदा म्हटलं, हॉस्पिटलात न्यायला गाडी आहे तुमची, तिथून परत आलेल्याच्या घरी जायला दोन पोरं द्याल का? त्याने प्रामाणिक उत्तर दिलं, "मॅडम, गाडीवर मंडळाचं नाव घालता येतं." तरी दोघं दिले त्याने. एकजण टिकला.

सिस्टरशी अजून बोलणं होतं, ओणमला आणि दिवाळीला. ती आता पंचायतीच्या पॅलिएटिव्ह प्रकल्पात आहे, कंत्राटी. पगार नाही, मानधन. किती, ते तिने मला एकदा सांगितलं होतं. माझ्या पेन्शनच्या शेजारी तो आकडा ठेवायला मला लाज वाटते. स्वयंसेवकांच्या कौतुकात ही बाजू नेहमी झाकली जाते. बाकीचे सेवा म्हणून येतात, तिचं मात्र घर त्याच कामावर चालतं. ती मला चेची म्हणते, म्हणजे ताई. गेल्या ओणमला तिने विचारलं, "चेची, मुलगी बारावी झाली. नर्सिंगला घालू?" शैक्षणिक कर्जाला काय काय कागद लागतात, जामीन कधी लागतो, हप्ते कधी सुरू होतात, हे मी तिला पंधरा मिनिटं नीट समजावून दिलं. घाल की नको घाल, हे मात्र मला अजून सांगता आलेलं नाही.